यंत्रांचा आपसांतील पत्रव्यवहार : वेब-सेवा म्हणजे काय?

भाजीमंडईत एक गृहस्थ ४० रुपयांची भाजी घेतात. विक्रेत्याच्या तराजूशेजारी काळ्यापांढऱ्या चौकोनांचे एक चित्र लावलेले असते. गृहस्थ त्यावर आपला मोबाइल धरतात, रक्कम लिहितात, गुप्त अंक दाबतात आणि वाट पाहतात. एरवी दोनचार सेकंदांत पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि व्यवहार संपतो. एखादे दिवशी मात्र तसे होत नाही. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि अखेरीस 'व्यवहार प्रलंबित आहे' एवढेच शब्द दिसतात. खात्यातून ४० रुपये वजा झाल्याचा बँकेचा संदेश तर येऊन पोचलेला असतो. विक्रेता म्हणतो, "साहेब, माझ्याकडे काही आले नाही." मागे चार गिऱ्हाइके खोळंबलेली असतात. अशा वेळी पुन्हा पैसे पाठवावेत की नाही?

रक्कम ४० रुपयांची असेल, तर मनुष्य खिशातून नोटा काढून मोकळा होतो. परंतु हाच प्रसंग रुग्णालयाचे देयक भरताना किंवा परीक्षेचे शुल्क भरण्याच्या अखेरच्या दिवशी आला, तर त्याचे उत्तर ठाऊक असणे अगत्याचे ठरते. ते उत्तर कळावयाचे, तर त्या काही सेकंदांत मोबाइलच्या पडद्यामागे काय घडते हे पाहिले पाहिजे. तेथे निरनिराळ्या संस्थांचे संगणक परस्परांना डझनभराहून अधिक पत्रे लिहीत असतात. ही पत्रे कोणीही मनुष्य लिहीत नाही, आणि ती पाहावयास कोणी मनुष्य बसलेलाही नसतो. यंत्रांनी यंत्रांना विनंती करावी आणि यंत्रांनीच उत्तर द्यावे, अशा या व्यवस्थेला वेब-सेवा असे म्हणतात.

डोळ्यांसाठी पान, यंत्रासाठी पत्र

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये परस्परांना जोडलेल्या पानांची एक योजना मांडली. पुढे जगभर पसरलेले वर्ल्ड वाइड वेब ते हेच. हे वेब मुळात माणसाने वाचावे या हेतूने निर्माण झाले. हवामानाचे एखादे पान आपण उघडले, तर त्यावर आकडे असतात, ढगांची चित्रे असतात, कडेला जाहिराती असतात. त्या गर्दीतून आज किती पाऊस झाला एवढाच आकडा आपली नजर नेमका टिपते. रकाने उद्या इकडचे तिकडे झाले, तरी आपले फारसे अडत नाही.

यंत्राला हा विवेक नसतो. समजा, धरणावरील एका संगणकाला दर तासाला पावसाचा आकडा हवा आहे. त्याला कोणी शिकवून ठेवले, 'त्या पानावरील तिसऱ्या तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यातील संख्या उचल.' महिनाभर सर्व सुरळीत चालते. मग पान सजविणाऱ्याने शोभेसाठी रकाने बदलले आणि दुसऱ्या रकान्यात हवेतील आर्द्रता आली. संगणक आर्द्रतेचे ८२ टक्के हे ८२ मिलिमीटर पाऊस म्हणून नोंदवितो आणि पुराचा इशारा देऊन बसतो. यात संगणकाचा काही दोष नाही. माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेले पान त्याच्या हाती दिले, हीच चूक होय.

यावर उपाय असा की, यंत्रासाठी निराळे दार ठेवावे. त्या दाराशी विशिष्ट रीतीने विचारले असता विशिष्ट रीतीनेच उत्तर मिळावे. त्यात चित्रे, रंग, शोभा काही असू नये. केंद्राचे नाव, वेळ, पावसाचे मान आणि ते मोजण्याचे एकक एवढेच असावे. वेबचे नियम ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २००४ मध्ये वेब-सेवांच्या रचनेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील व्याख्येचा आशय असा की, जाळ्यावरून दोन यंत्रांना एकमेकांशी व्यवहार करता यावा म्हणून रचलेली कार्यप्रणाली म्हणजे वेब-सेवा.

या व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे दाराआड कोण आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असावे लागत नाही. बँकेच्या खिडकीत आपण चलन भरून देतो. आत कोणता कारकून बसला आहे, त्याची खतावणी कशी आहे, याची चौकशी आपण करीत नाही. चलनाचा नमुना दोघांना मान्य आहे, एवढे पुरते. तद्वतच एका बाजूचा संगणक वीस वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या बाजूचा आजचा असला, दोघांची अंतर्गत भाषा भिन्न असली, तरी पत्राचा नमुना ठरलेला असल्यास व्यवहार होऊ शकतो.

मजकुराला नावे देणे

पत्राचा नमुना ठरविण्याची पहिली पायरी म्हणजे त्यातील प्रत्येक गोष्टीला नाव देणे. नुसता ४० हा आकडा पाठविला, तर ते रुपये आहेत, किलोग्रॅम आहेत की वय आहे, हे यंत्राला कळणार नाही. यासाठी फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल नावाची लेखनपद्धती प्रमाणित झाली. तिच्यात 'रक्कम' हा शब्द कोनी कंसात लिहावयाचा, मग ४० हा आकडा, आणि मग तोच शब्द तिरप्या रेघेसह पुन्हा कोनी कंसात लिहून त्या नोंदीचा शेवट दाखवावयाचा. डब्यात डबा ठेवावा त्याप्रमाणे एका नोंदीत दुसरी नोंद ठेवता येते. नावे इंग्रजीच असली पाहिजेत असे नाही. देवनागरीतील नावेही या पद्धतीला चालतात, मात्र व्यवहारात ती क्वचितच आढळतात.

पुढे डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन ही सुटसुटीत पद्धती पुढे आणली. तिच्यात महिरपी कंसात 'रक्कम', मग दोन बिंदू, मग ४० एवढेच लिहिले की झाले. नाव दोनदा लिहावे लागत नाही, पत्र आखूड होते, आणि ते वाचताना मनुष्याचेही डोळे शिणत नाहीत. नव्या वेब-सेवांपैकी बहुसंख्य आज हीच पद्धती वापरतात. बँकांच्या जगात मात्र एक्सएमएलने आपले स्थान राखले आहे.

नाव दिल्याने अर्थ ठरतोच असे मात्र नाही. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच नष्ट झाले. यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या आवेगाचे आकडे एका प्रणालीने पौंडाच्या मापात दिले होते आणि दुसरीने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. ही काही वेब-सेवा नव्हती. तथापि एका यंत्राने दुसऱ्याला पाठविलेला आकडा बिनचूक पोचूनही अनर्थ कसा होतो, हे त्यावरून दिसते. म्हणून कोणत्याही वेब-सेवेसोबत तिचा करारनामा असतो. कोणते प्रश्न विचारता येतील, प्रत्येक नोंदीचे एकक काय, कोणती नोंद गाळली तर चालेल आणि कोणती गाळून चालणार नाही, हे त्यात लिहिलेले असते.

पत्ता आणि आज्ञा

पत्र तयार झाले की ते पाठवावयाचे. त्यासाठी नवीन रस्ते बांधावे लागले नाहीत. माणसांसाठी पाने आणणारा एचटीटीपी हा नियमसंच तयार होताच. वेब-सेवांनी तोच रस्ता धरला. पत्त्यातील नावावरून यंत्राचा अंकात्मक क्रमांक शोधला जातो, दोन्ही यंत्रांमध्ये जोडणी होते, मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो कूटरूप केला जातो, आणि मग विनंती रवाना होते.

विनंतीच्या आरंभी एक क्रियापद असते. 'गेट' म्हणजे माहिती द्या. 'पुट' म्हणजे या जागी ही वस्तू ठेवा. 'डिलीट' म्हणजे ती काढून टाका. 'पोस्ट' म्हणजे ही नवी गोष्ट स्वीकारून तिचे जे करावयाचे ते करा. उत्तराच्या आरंभी तीन अंकी संख्या येते. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे उत्तर देणाऱ्याच्याच घरात काही बिघडले आहे. ५०४ ही संख्या आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मधल्या यंत्राने पुढच्या यंत्राची वाट पाहिली, परंतु वेळेत उत्तर आले नाही, असा तिचा अर्थ. काम झाले की नाही याविषयी ती संख्या काहीच सांगत नाही.

वेब-सेवांचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा, तर २००० च्या सुमारास सोप या नावाची पद्धती पुढे आली. नाव ऐकून साबणाची आठवण होते खरी, पण तो केवळ आद्याक्षरांचा योगायोग. पुढे २००३ च्या आवृत्तीत ती आद्याक्षरेही सोडून देण्यात आली. सोपमध्ये प्रत्येक पत्र एका लिफाफ्यात घालावयाचे, लिफाफ्यावर शीर्षक आणि आत मजकूर, अशी काटेकोर रीत होती. सेवेचा करारनामा यंत्रालाही वाचता यावा म्हणून त्याची वेगळी भाषा २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. जगातील सर्व सेवांची एक सार्वजनिक सूचीही काही मोठ्या कंपन्यांनी मिळून उभारली होती. संगणक त्या सूचीत पाहून आपल्याला हवी ती सेवा आपणच शोधून काढतील, अशी अपेक्षा होती. ती सूची २००६ मध्ये बंद झाली. कारण उघड आहे. अनोळखी माणसाशी पैशाचा व्यवहार केवळ सूचीत त्याचे नाव आहे म्हणून कोणी करीत नाही. तेथे आधी माणसांनी बसून बोलणी करावी लागतात.

त्याच २००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात वेबच्या मूळ रचनेचे विवेचन केले आणि तिला रेस्ट हे नाव दिले. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असावा, आणि मोजकी, सर्वांना ठाऊक असलेली क्रियापदेच वापरावीत, हा त्यातील एक मुख्य विचार. लिफाफ्यावर लिफाफे चढविण्यापेक्षा तो अनेकांना सोपा वाटला आणि हळूहळू रूढ झाला.

दूरच्याला जवळचे समजण्याची चूक

याहून जुनी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. दूरच्या यंत्राकडून काम करून घेणे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला आपल्याच यंत्रातील काम सांगण्याइतके सहज कसे करता येईल, याची युक्ती त्यात होती. त्यांनी स्वतः मधल्या अडचणींचा विचार बारकाईने केला होता. परंतु ही सोय वापरणाऱ्या कित्येकांनी 'सहज' एवढाच शब्द लक्षात ठेवला.

आपल्याच यंत्रातील कामाचे दोनच शेवट होतात : ते होते किंवा फसते. दूरच्या यंत्राला सांगितलेल्या कामाचा तिसराही एक शेवट असतो. उत्तरच येत नाही. मग विनंती वाटेत हरवली, की पोचली पण दुसरे यंत्र काम करता करता बंद पडले, की काम पुरे झाले आणि केवळ उत्तर हरवले? विचारणाऱ्याला तिन्ही प्रसंगी सारखीच शांतता ऐकू येते.

येथे कोणी म्हणेल की, जाळ्यावरील नियम हरवलेला मजकूर पुन्हा पाठवितात आणि पोच घेतात. ते खरे आहे. पण ती पोच केवळ अक्षरे पोचल्याची असते. पत्र दारातून आत पडले, एवढेच तिच्यावरून कळते. घरातील माणसाने ते उघडले का, आणि त्याप्रमाणे केले का, हे निराळे प्रश्न आहेत.

या अडचणीचे मूळ किती खोल आहे हे दाखविणारे एक प्रसिद्ध कोडे आहे. त्यातील विचार १९७५ मध्ये अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर यांच्या एका निबंधात आला, आणि जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला सेनापतींचे रूप दिले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन सेना आहेत. मधल्या दरीत शत्रू आहे. दोन्ही सेनांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, एकटीने केला तर नाश. निरोप पाठवावयाचा तर जासूद दरीतूनच जाणार आणि कदाचित पकडला जाणार. पहिला सेनापती कळवितो, 'उद्या पहाटे हल्ला.' निरोप पोचला हे कळेपर्यंत तो हल्ला करू धजत नाही. दुसरा उत्तर पाठवितो, 'समजले.' पण ते उत्तर पोचले हे कळेपर्यंत त्यालाही धीर होत नाही. मग उत्तराची पोच, त्या पोचेची पोच, असे चालू राहते.

किती जासूद पाठविले म्हणजे दोघांची खात्री होईल? कितीही पाठविले तरी होणार नाही, आणि हे सिद्ध करता येते. समजा, कमीत कमी निरोपांत खात्री देणारी एक पद्धत सापडली. तिच्यातील अखेरचा निरोप पाहा. तो पाठविणाऱ्याला त्याची पोच मिळणार नाही. म्हणजे तो पोचो वा न पोचो, पाठविणारा ठरल्याप्रमाणेच वागणार. ही पद्धत निर्दोष असेल, तर घेणाऱ्यानेही तो निरोप न मिळाला तरी तसेच वागले पाहिजे. मग त्या निरोपाची गरजच काय? तो गाळला तरी चालेल. पण ही तर सर्वांत कमी निरोपांची पद्धत होती! अर्थात अशी पद्धत असूच शकत नाही.

वेगवान यंत्रे आणून किंवा जाड तारा टाकून हा दोष जाणारा नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. मग दररोज कोट्यवधी व्यवहार होतात तरी कसे?

दोनदा सांगितले तरी एकदाच घडावे

घरातला एक दाखला घेऊ. 'दार लावून घे' असे आपण दोनदा सांगितले, तरी दार एकदाच लागते. दुसऱ्या सांगण्याने काही बिघडत नाही. 'आणखी एक पोळी वाढ' असे दोनदा सांगितले, तर मात्र पानात दोन पोळ्या येतात. पहिल्या प्रकारच्या आज्ञा पुन:पुन्हा देणे निर्धोक असते. गणितात या गुणाला १८७० मध्ये बेंजामिन पर्स यांनी नाव दिले होते. ते बीजगणिताविषयी लिहीत होते, आणि शंभर वर्षांनी ते नाव संगणकांच्या पत्रव्यवहारात उपयोगी पडेल असे त्यांच्या मनातही नसेल. वर सांगितलेल्या क्रियापदांपैकी 'गेट', 'पुट' आणि 'डिलीट' ही नियमानेच या गुणाची आहेत. 'पोस्ट' तशी नाही.

'४० रुपये वजा करा' ही आज्ञा पोळीसारखी आहे. ती दारासारखी कशी करावयाची? युक्ती साधी आहे. आज्ञेला आधीच एक क्रमांक द्यावा, जो पुन्हा कधीही दुसऱ्या आज्ञेला मिळणार नाही. मग आज्ञा अशी होते : 'अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचे ४० रुपये, अद्याप वजा केले नसतील तर, वजा करा.' बँकेच्या संगणकाने पैसे वजा करताना तो क्रमांक त्याच नोंदीत लिहून ठेवावयाचा. तेच पत्र पुन्हा आले, तर नोंद पाहून 'हे झालेले आहे' असे उत्तर द्यावयाचे. नोंद आणि क्रमांक एकाच वेळी लिहिले जाणे आवश्यक आहे. आधी पैसे वजा केले आणि क्रमांक लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर सारी युक्ती फुकट.

मनिऑर्डरची जुनी रीत ज्यांना आठवते, त्यांना हे नवीन वाटणार नाही. आपल्या देशात मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतील कामगार कोकणातल्या घरी पैसे पाठवी, त्या वेळी त्याच्या हाती क्रमांक असलेली पावती येई, आणि घरच्यांची सही किंवा अंगठा असलेली पोच टपालाने परत येई. पोच आली नाही म्हणून त्याने लगेच दुसरी मनिऑर्डर केली नाही. तो पावती घेऊन टपालकचेरीत गेला आणि त्या क्रमांकाची चौकशी केली.

चाळीस रुपयांचा प्रवास

आता मंडईकडे परत येऊ. हा व्यवहार ज्या मार्गाने होतो त्याला युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजेच यूपीआय, असे म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने तो उभारला. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत त्याचा आरंभ झाला.

गुप्त अंक दाबताच गृहस्थांच्या मोबाइलकडून निघालेली विनंती त्यांना सेवा देणाऱ्या बँकेमार्फत मध्यवर्ती संगणकाकडे जाते. हे पत्र एक्सएमएलमध्ये असते, त्यावर पाठविणाऱ्या संस्थेची अंकीय सही असते, आणि पस्तीस अक्षरांचा एक व्यवहार-क्रमांक असतो. गुप्त अंक आत कूटरूपात असतो. मधल्या कोणालाही तो वाचता येऊ नये अशी योजना असते. मध्यवर्ती संगणक पत्र मिळाल्याची पोच तत्काळ देतो, परंतु कामाचे उत्तर तेव्हाच देत नाही. ते नंतर स्वतंत्र पत्राने येते. प्रथम तो विक्रेत्याच्या बाजूच्या संस्थेला विचारतो की, हा पत्ता कोणत्या खात्याचा. खाते कळले की तो गृहस्थांच्या बँकेला पैसे वजा करण्याची विनंती करतो. ती 'केले' असे कळविते. मग विक्रेत्याच्या बँकेला जमा करण्याची विनंती जाते. तिचेही 'केले' आले की दोन्ही बाजूंना निकाल कळविला जातो. प्रत्येक पत्राला त्वरित पोच, आणि नंतर खरे उत्तर, असा हा क्रम आहे.

आपल्या गृहस्थांच्या बाबतीत पैसे वजा होण्यापर्यंत सर्व बिनबोभाट झाले. मग विक्रेत्याच्या बँकेला पत्र गेले, आणि तिचे उत्तर आले नाही. वाचक म्हणतील, तर मग गृहस्थांचे पैसे लगेच परत का देत नाहीत? कारण त्या बँकेने पैसे जमा केले असतील आणि केवळ उत्तर हरवले असेल, तर ४० रुपये विक्रेत्याकडेही राहतील आणि गृहस्थांकडेही. ती तूट कोणत्या तरी बँकेच्या माथी बसेल. म्हणून व्यवहाराला प्रलंबित म्हणणे हाच प्रामाणिकपणा होय. त्यानंतर त्या क्रमांकाचे काय झाले अशी विचारणा होते. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहिल्या जातात, आणि न जुळलेली रक्कम परत केली जाते किंवा जमा केली जाते. त्या क्षणी खात्री देता येत नाही; काही काळाने मात्र ती देता येते. सेनापतींपाशी नेमका तेवढाच काळ नव्हता.

विचारपूसही जड होते

यूपीआयवरील व्यवहारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. एवढ्या पसाऱ्यात विचारपूस हेसुद्धा एक मोठे ओझे होते, याचा अनुभव त्याच वर्षी आला. १२ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा काही तास विस्कळित झाली आणि देशभर असंख्य व्यवहार अडले. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या पत्रांचा पूर हे त्याचे मुख्य कारण असल्याचे तपासात आढळले. काही ठिकाणांहून जुन्या व्यवहारांविषयीही पुन:पुन्हा विचारणा होत होती.

हे असे वाढत कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. मध्यवर्ती यंत्र थोडे मंदावले की काही उत्तरे वेळेत पोचत नाहीत. उत्तर न मिळालेला प्रत्येकजण विचारणा करतो. विचारणांची उत्तरे देता देता यंत्र अधिकच मंदावते, म्हणजे आणखी उत्तरे चुकतात आणि आणखी विचारणा येतात. आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्यांनी दारातच एवढी दाटी करावी की डॉक्टरांना आत शिरता येऊ नये, तशातला हा प्रकार. त्यानंतर स्थितीची विचारणा किती वेळा आणि किती अंतराने करावी यावर मर्यादा घालण्यात आल्या. जून २०२५ पासून पैसे देण्याच्या विनंतीला उत्तर देण्याची मुदतही ३० सेकंदांवरून १५ सेकंदांवर आणली गेली. चांगली रचलेली वेब-सेवा उत्तर न मिळाल्यास आधी थोडे थांबते, मग त्याच्या दुप्पट, मग चौपट. शिवाय सर्वांनी एकाच ठोक्याला विचारू नये म्हणून या अंतरांत थोडा यदृच्छेचा अंश मिसळते.

गृहस्थांनी काय करावे?

वर वर्णिलेली क्रमांकाची युक्ती यंत्रांनी पत्र पुन्हा पाठविले तर उपयोगी पडते. परंतु गृहस्थांनी मोबाइल पुन्हा त्या चित्रावर धरून गुप्त अंक पुन्हा दाबला, तर तो नवा व्यवहार होतो आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. पहिल्या पत्राची ही पुनरावृत्ती आहे, असे यंत्राला कळण्यास काही मार्ग नाही. कदाचित त्यांनी खरोखरच आणखी ४० रुपयांची भाजी घेतली असेल. तेव्हा दुसरे ४० रुपये वजा झाले, तर ती यंत्राची चूक नव्हे. प्रलंबित व्यवहार पुढे यशस्वी ठरला, तर विक्रेत्याकडे ८० रुपये जमतील आणि जादा ४० परत देणे त्याच्या सचोटीवर राहील.

म्हणून घाई नसेल, तर थोडे थांबून व्यवहाराची स्थिती पुन्हा पाहावी. घाई असल्यास रोख पैसे द्यावेत. मात्र मागाहून पहिला व्यवहारही पूर्ण झाला, तर ती रक्कम परत करावी अशी बोली विक्रेत्याशी करून ठेवावी. पडद्यावर दिसणारा बारा अंकी संदर्भ-क्रमांक टिपून घ्यावा. तक्रारीच्या वेळी बँक तोच विचारते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेले पैसे वजा होऊन जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची पुष्टी त्याच्यापर्यंत पोचली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये याप्रमाणे भरपाई द्यावयाची आहे. भाजीविक्रेत्याने लावलेले चित्र व्यापारी म्हणून नोंदविलेले आहे की त्याच्या खासगी खात्याचे आहे, यावर या दोहोंपैकी कोणती मुदत लागू होईल हे अवलंबून राहील.